उंची कमी, हात लहान: स्वतःच्या मापाची गिटार बनवून घेण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला जे समजलं ते आधी सांगतो, काही चुकलं असेल तर दुरुस्त करा. तुमची उंची चार फूट नऊ इंच. डाव्या हाताची करंगळी बाकीच्या बोटांच्या मानानं आखूड. सहा वर्षं ड्रेडनॉट आकाराची, म्हणजे मोठ्या बॉडीची गिटार वाजवताय, स्वतः गाता आणि स्वतःच साथ करता. अर्ध्या तासात उजवा खांदा भरून येतो, एफ कॉर्ड अजून स्वच्छ लागत नाही. दुकानात थ्री-फोर्थ, म्हणजे पाऊण आकाराची गिटार घ्या म्हणाले, पण तिचा आवाज तुम्हाला पोकळ वाटला आणि लहान मुलाचं वाद्य हातात घेतल्यासारखं झालं. म्हणून आता गिटार बनवून घ्यायची आहे, आणि कारागिराला नेमकं काय सांगायचं हे तुम्ही विचारताय.

मी पुण्यात बावीस वर्षं गिटारी दुरुस्त करतो, त्यातली सोळा वर्षं बनवतोही. माझं पहिलं म्हणणं असं की कारागिराकडे गेल्यावर 'लहान गिटार हवी' हे वाक्य बोलू नका. तुमच्या तक्रारी तीन आहेत. एफ कॉर्ड ही डाव्या तळहाताची तक्रार, खांदा ही उजव्या हाताची, आणि थ्री-फोर्थचा आवाज न आवडणं ही कानाची. तिघींचा इलाज गिटारीच्या वेगवेगळ्या जागी आहे. जिथे अडतं तिथे माप उतरवायचं, जिथे अडत नाही तिथे हात लावायचा नाही. सरसकट लहान केलेली गिटार म्हणजे पुन्हा ती थ्री-फोर्थच, फक्त महाग लाकडाची.

हे मी चूक करून शिकलोय. सुरुवातीच्या वर्षांत एका बुटक्या गृहस्थांसाठी गिटार केली. उंची ऐकली आणि सगळंच प्रमाणात उतरवलं: तारेची लांबी ५८० मिमी, नटची (नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीची) रुंदी ४० मिमी, बॉडी त्या मानानं. दिसायला देखणी झाली. ते न्यायला आले, माझ्यासमोर स्टुलावर बसले आणि ए मेजर धरायला गेले. ए मेजरला तीन बोटं दुसऱ्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) घरात शेजारी शेजारी बसवावी लागतात. त्यांची बोटं आखूड होती, पण टोकाला चांगली रुंद. दोन बोटं बसली, तिसरं बसेना. बसवलं की शेजारची तार दबायची. त्यांनी तीनदा प्रयत्न केला, मग काही न बोलता गिटार मांडीवर आडवी ठेवली. मी त्यांच्या बोटांची लांबी पाहिली होती, रुंदी पाहिलीच नव्हती. नेक, म्हणजे डाव्या हातात येणारा दांडा, काढून नवा केला, त्यात दीड महिना गेला. तेव्हापासून माप घेतल्याशिवाय मी आराखड्याला पेन्सिल लावत नाही.

आता तुमच्या एफ कॉर्डकडे येऊ. बनवून घ्यायचा खर्च ठरवण्याआधी सध्याच्या गिटारीवर एक गोष्ट तपासा. एफचाच आकार तिसऱ्या फ्रेटवर धरा, म्हणजे जी कॉर्ड होईल. तो बऱ्यापैकी स्वच्छ वाजतो आणि पहिल्या फ्रेटवर मात्र बोट दुखेपर्यंत दाबूनही तारा बुजतात, असं आहे का? असेल तर हाताआधी नटवर संशय घ्या. फॅक्टरीतून येणाऱ्या बऱ्याच गिटारींच्या नटच्या खाचा उथळ असतात, त्यामुळे तारा पहिल्या फ्रेटवर गरजेपेक्षा उंच राहतात. दुसरी खूण: जाड तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर ती किती वर आहे ते उजेडात पाहा. कागद जेमतेम सरकेल एवढी फट हवी. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा सरकत असेल तर नट उंच आहे. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखालची उंची अडीच मिमीच्या आसपास आणि बारीक तारेखालची दोनच्या आत-बाहेर असावी. हे सगळं एका बैठकीत, नव्या गिटारीच्या मानानं किरकोळ खर्चात दुरुस्त होतं. माझ्याकडे 'माझा हात लहान आहे' म्हणत आलेल्यांपैकी बरेच जण नट घासून दिल्यावर खूश होऊन परत गेलेत. तुमचंही तसं झालं तर मला आनंदच आहे, पण खांद्याचा प्रश्न तरीही उरेल, म्हणून पुढचं वाचा.

नट ठीक केल्यानंतर कॅपोचा, म्हणजे नेकवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणाऱ्या चिमट्याचा प्रयोग करा. खिशातून काही न जाता माप काढायचा याच्याइतका खात्रीचा उपाय मला दुसरा माहीत नाही. नटपासून सॅडलपर्यंत, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या पट्टीपर्यंत, तारेचा जो भाग कंप पावतो त्याला आम्ही स्केल म्हणतो. तुमच्या ड्रेडनॉटची ती ६४५ मिमीच्या आसपास असणार. सहाही तारा अर्धा सूर खाली उतरवा आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. आता सूर नेहमीचेच आहेत, पण तुमच्या हातात ६०९ मिमीची गिटार आहे, आणि तारांचा ताणसुद्धा त्या लांबीच्या गिटारीवर जेवढा असता तेवढाच आहे. तारा आणखी अर्धा सूर उतरवून कॅपो दुसऱ्या फ्रेटवर नेला की ५७५ मिमी. एकेका मापावर आठवडाभर रोजचीच गाणी वाजवा. पहिल्या दिवशी सगळंच सोपं वाटतं, त्यावर विश्वास ठेवू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी करंगळी कुठे पोचते आणि कुठे बोटांची गर्दी होते हे खरं कळतं.

फरक किती पडतो ते आकड्यात सांगतो. पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर ६४५च्या गिटारीवर ९७ मिमी भरतं. ६३२ला ते ९५ होतं, ६१०ला साडेएक्याण्णव, ५९७ला नव्वदच्या जरा आत. पाच-सात मिमी म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. आखूड करंगळीसाठी मात्र मनगट सरळ ठेवून तार दाबणं आणि मनगट वाकवून कशीबशी तार गाठणं यातलं अंतर एवढंच असतं.

हात मोजायचा तर वीत मोजू नका. अंगठ्यापासून करंगळीपर्यंतच्या अंतराचा इथे काही उपयोग नाही. मनगट सरळ ठेवून बोटं वाजवताना असतात तशी गोल वाकवा, टेबलाच्या कडेवर टेकवा, आणि तर्जनीच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत न ताणता किती भरतं ते पट्टीनं मोजा. मग थोडं ताणून मोजा. दोन्ही आकडे लिहून ठेवा. जोडीला चारही बोटांच्या टोकांची रुंदी. तार दाबताना मांस पसरतं, म्हणून बोट काचेवर दाबून पलीकडून मोजलेलं बरं.

इथे मला तुम्हाला एक विचारायचंय, कारण उत्तर त्यावर बदलेल. तुम्ही कोणत्या पट्टीत गाता, आणि बहुतेक गाण्यांना कॅपो लावता का? पुष्कळ बायका गाताना तिसऱ्या-चौथ्या फ्रेटवर कॅपो ठेवूनच वाजवतात. तुमचं तसं असेल तर तुमची बोटं आधीपासूनच आखूड स्केलवर चालताहेत. मग स्केल कमी करण्यापेक्षा बॉडीवर लक्ष द्यायला हवं. एकोणिसाव्या शतकात युरोपात टर्झ नावाची लहान गिटार होती, नेहमीपेक्षा तीन अर्धे सूर वर लावलेली. सतत तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावणाऱ्यांसाठी तो विचार आजही करण्यासारखा आहे. पण कधी कॅपो, कधी मोकळं असं वाजवत असाल तर त्या वाटेला जाऊ नका.

स्केलइतकंच महत्त्वाचं, आणि सहसा कोणी न विचारणारं माप म्हणजे नेक बॉडीला कितव्या फ्रेटवर मिळतो. आजच्या बहुतेक गिटारींत तो चौदाव्या फ्रेटवर मिळतो. १९२९ साली मार्टिन कंपनीनं ओएम मॉडेल आणलं, त्यानंतर ही पद्धत रुळली. त्याआधी बाराव्या फ्रेटचा जोड सर्रास असे, आणि क्लासिकल गिटारीत तो आजही तसाच आहे. तुमच्या सध्याच्या गिटारीत बॉडीच्या कडेपासून नट जवळपास ३५८ मिमी लांब आहे. ६१० स्केल आणि बाराव्या फ्रेटचा जोड धरला तर ते अंतर ३०५ होतं. म्हणजे डावा हात पाच सेंटिमीटरहून जास्त तुमच्याकडे येतो. कमी उंचीच्या माणसाचा हात एफ धरताना बहुतेक सरळ ताठ झालेला असतो. ताठ हाताच्या मनगटात जोर कुठून येणार? कोपर वाकायला जागा मिळाली की दंड आणि पाठीचं वजन मदतीला येतं, आणि तीच बोटं, तोच आकार, तरी तार दबते. माझ्याकडे बाराव्या फ्रेटची एक जुनी गिटार नमुन्याला ठेवलेली आहे. ती हातात दिल्यावर लोक आधी खांदे खाली सोडतात, वाजवायला नंतर सुरुवात करतात. बाराव्या फ्रेटच्या पुढे मात्र हात सहज जात नाही. साथीसाठी वाजवणाऱ्याला तिकडे क्वचितच जावं लागतं. जात असाल तर सांगा, कटअवे, म्हणजे तिथे हात जावा म्हणून बॉडीला खाच, करता येतो.

नटच्या रुंदीत उलट सावधगिरी हवी. बाजारात ४३ आणि ४४.५ मिमी ही दोन मापं चालतात. लहान हाताला अरुंद नट हे समीकरण प्रत्येकाला लागू पडत नाही. बोटांची टोकं निमुळती असतील आणि तुम्ही जास्त करून स्ट्रमिंग करत असाल तर ४३ किंवा अगदी ४२ चालेल. उजव्या हाताची बोटं वापरून वाजवत असाल किंवा टोकं रुंद असतील तर ४४ ठेवा आणि स्केलनं मिळालेल्या सवलतीवर समाधान माना.

नेकच्या पाठीची जाडी आणि गोलाई मात्र आकड्यांत सांगता येत नाही, ती हातालाच कळते. माझ्याकडे सागवानाच्या तुकड्यांवर जुनी फिंगरबोर्ड बसवून केलेले चार-पाच नमुना नेक आहेत. गेल्या वर्षी एक बाई आल्या होत्या, उंची तुमच्याएवढीच. त्यांना सगळ्यांत पातळ नेक हवा होता, बाहेरून तसंच सांगितलेलं असतं. तो पाच मिनिटं धरला आणि अंगठ्याच्या मुळाशी कळ येते म्हणाल्या. मग मी मधल्या जाडीचा नेक शिकंज्यात धरला, त्यांना पकडायला लावला, तळहात जिथे टेकतो तिथे खडूनं खूण केली आणि कानशीनं नेकच्या एका बाजूचा फुगवटा थोडा उतरवला. पुन्हा पकडला. 'इथे अजून टोचतंय.' पुन्हा दोन हात कानस, वरून पॉलिश पेपर. असं चार वेळा झालं. शेवटी त्यांनी डोळे मिटून नेकवर हात वर-खाली फिरवला आणि म्हणाल्या, आता हातात काही आहे असं वाटतच नाही. मी कॅलिपर लावला: पहिल्या फ्रेटपाशी साडेएकवीस मिमी. सगळ्यांत पातळ नमुन्यापेक्षा तो दीड मिमी जाड होता. अति पातळ नेकवर अंगठ्याला टेकायला काही मिळत नाही, म्हणून तो चिमटा काढल्यासारखा दाबत राहतो. तुमचा कारागीर असा नमुना नेक करून द्यायला तयार असेल तर तो माणूस कामाचा आहे असं समजा. नसेल तर तुम्ही आग्रह धरा, त्याचे वेगळे पैसे द्या.

आता खांदा. गिटार बाजूला ठेवून, घरातली कामं करतानाही खांदा दुखत असेल, हाताला मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट. तिथे वाद्य बदलून भागणार नाही. फक्त वाजवतानाच दुखत असेल तर कारण बहुतेक बॉडीच्या जाडीत आणि खालच्या फुगवट्याच्या रुंदीत आहे. ड्रेडनॉट हा आकार मार्टिननं १९१६ साली बोस्टनच्या डिटसन या वाद्यांच्या कंपनीसाठी पहिल्यांदा बनवला आणि त्याला त्या काळच्या प्रचंड युद्धनौकेचं नाव दिलं. मोठा आवाज हा त्याचा हेतू. खालची रुंदी ३९७ मिमी, शेपटाकडची जाडी १२४. चार फूट नऊ इंचांच्या माणसानं त्यावरून हात टाकायचा म्हणजे दंड कानाच्या दिशेनं उचलूनच धरावा लागतो, आणि तो अर्धा तास तसाच राहतो. खांदा भरून येणारच. यात तुमच्या बसण्याचा किंवा सरावाचा दोष नाही.

रुंदी ३५० मिमीच्या आसपास आणली, कंबर त्या प्रमाणात घेतली, की मांडीवर ठेवल्यावर हाताखालची कड जवळपास चार सेंटिमीटर खाली येते. जाडीसाठी दोन उपाय आहेत. एक, सगळीच बॉडी पातळ करणं. सोपं आहे, पण आतली हवा कमी होते आणि आवाजातला खर्ज जातो. दुसरा मला जास्त पटतो: बॉडी पाचरीसारखी करायची. जाड तारांची बाजू, म्हणजे तुमच्या हाताखाली येणारी, पातळ. बारीक तारांची, मांडीवर टेकणारी बाजू जाड. आतली हवा जवळपास तेवढीच राहते. कॅनडाच्या लिंडा मॅन्झर यांनी पॅट मेथेनी यांच्यासाठी १९८४ साली ४२ तारांची पिकासो गिटार बनवली, तेव्हा एवढं मोठं वाद्य हाताखाली बसावं म्हणून ही पाचर योजली होती. आता जगभरचे कारागीर ती वापरतात. टॉप, म्हणजे बॉडीची समोरची फळी, किंचित वर तुमच्याकडे कलतो, त्यामुळे मान न वाकवता फ्रेट दिसतात, हा आणखी एक फायदा. त्याच्या जोडीला हाताखालची कड तिरकी कापून गोल करून घेता येते. दंडावर उमटणारा लाल वळ त्यानं जातो. मेहनतीचं काम आहे, पैसे वाढतात. दोन्हींतलं एकच परवडत असेल तर पाचर घ्या.

हेही आधी घरी पाहता येतं. फ्रीजच्या किंवा टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, त्यातून बॉडीचा आकार कापा, थरावर थर चिकटवून जाडी आणा, मांडीवर घेऊन वही-पेन्सिल घेतल्यासारखं निवांत बसा. टीव्हीसमोर अर्धा तास हात त्यावर ठेवून पाहा. दुखलं तर एक थर सोलून काढा. हसू येईल घरच्यांना, पण मी स्वतः लोकांना असे पुठ्ठे कापून देतो आणि त्यांनी परत आणलेल्या पुठ्ठ्यावरूनच साचा करतो.

राहिला आवाज. लहान बॉडीची गिटार म्हणजे पोकळ आवाज, ही समजूत स्वस्त थ्री-फोर्थमुळे झाली आहे. त्यांत जाड प्लायचा टॉप असतो आणि टॉपला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या कधीही तुटू नयेत अशा भक्कम. लहान टॉप मुळातच कडक असतो, तो मोठ्या टॉपपेक्षा पातळ करावा लागतो, आणि पट्ट्याही हलक्या. शिवाय तारांचा ताण लांबीच्या वर्गानुसार बदलतो. १२-५३च्या (इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेल्या जाडीच्या) लाइट तारा ६४५ स्केलवर मिळून साधारण ७३ किलोनं ओढतात, ६१०वर त्याच तारा ६६ किलोच्या आसपास. बोटांना हे सोपं जातं, टॉपला मात्र हलवायला जोर कमी मिळतो. म्हणून कोणत्या तारा लावणार हे आतल्या पट्ट्या कोरायच्या आधी ठरलं पाहिजे. लाइटच ठेवायच्या असतील तर टॉप त्या ६६ किलोंसाठी कोरायचा. मीडियम तारा लावल्या तर ताण जवळपास जुन्याइतकाच होतो आणि आवाज भरतो, पण मग तुमच्या बोटांना मिळालेली सवलतही जाते. तुमच्यासाठी मी लाइटच धरेन. साउंडहोलचा, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकाचा व्यास नेहमीच्या १०० मिमीऐवजी ९२-९४ ठेवला की लहान बॉडीतही खर्ज थोडा खाली उतरतो. बाराव्या फ्रेटच्या जोडामुळे ब्रिज (तारा टॉपला जिथे अडकवतात तो लाकडी तुकडा) बॉडीच्या खालच्या भागाच्या मध्याकडे सरकतो, तिथे टॉप मोकळेपणानं हलतो आणि आवाज गोल येतो. ड्रेडनॉटसारखा दणका मिळणार नाही, ते कबूल. गळ्यासोबत वाजवायला दणका नसलेलाच बरा असतो, तो शब्दांवर चढत नाही.

लाकडाबद्दल मुद्दाम इतक्या उशिरा लिहितोय, कारण लोक सुरुवात तिथून करतात आणि अर्धा वेळ त्यातच घालवतात. टॉप एकसंध लाकडाचा, स्प्रूस किंवा सिडारचा असावा. हलक्या हातानं वाजवत असाल तर सिडार लवकर बोलतो. पाठ आणि बाजूंना आपल्याकडचं शिसवी किंवा महोगनी, दोन्ही उत्तम. भारतीय शिसवी मार्टिनसारखी कंपनी १९६९पासून वापरते, त्याला दुय्यम समजू नका. लाकडाच्या जातीपेक्षा ते किती मुरलेलं आहे आणि कोणत्या हवेत चिकटवलं हे जास्त विचारा. कारागिराच्या भिंतीवर आर्द्रतामापक आहे का ते पाहा. टॉप आणि पाठ चिकटवताना खोलीतली आर्द्रता ४५ ते ५० टक्के हवी. मी नवखा असताना भर जुलैत एक टॉप चिकटवला होता, तेव्हा माझ्याकडे हवा कोरडी करायचं यंत्र नव्हतं. ती गिटार अकोल्याला गेली. मे महिन्यात फोन आला, ब्रिजच्या खालून शेपटापर्यंत सरळ चीर गेली होती. ओलं फुगलेलं लाकूड चिकटवून मी त्याला आकसायला जागाच ठेवली नव्हती. तुम्ही कोकणात राहता की मराठवाड्यात, हेही कारागिराला सांगा.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून आज कागदावर आकडे मांडायचे झाले तर मी असे मांडेन: स्केल ६१०, बाराव्या फ्रेटचा जोड, नट ४३ ते ४४, नेक नमुन्यावर ठरेल, खालची रुंदी ३५०, जाडी हाताखाली ८० आणि मांडीकडे ११०, साउंडहोल ९३, लाइट तारा. कॅपोच्या प्रयोगात ६०९वरही करंगळी अडखळली तर स्केल ५९० ते ६००. त्याखाली जायला मी तयार होणार नाही, जाड तार ढिली वाजू लागते आणि सूर हलतो.

थोडं थांबून बाजारही पाहून घ्या. टेलरची जीएस मिनी ५९७ स्केलची आहे. मार्टिनच्या आणि इतरांच्या बाराव्या फ्रेटच्या डबल-ओ या लहान आकाराच्या गिटारी ६३२च्या आसपास मिळतात. दुकानात जाऊन प्रत्येक अर्धा तास वाजवा, घाई करू देऊ नका. एखादी बसली तर वर्षभराची वाट आणि बरेच पैसे वाचतील. मापाची बनवलेली गिटार पुढे विकायला कठीण जाते, कारण ती तुमच्याच मापाची असते. तरीही बनवून घ्यावीशी वाटली तर त्यात चैन केल्यासारखं वाटून घेऊ नका. मिरजेत तंबोरे मर्दानी आणि जनानी अशा वेगवेगळ्या मापांत पिढ्यान्पिढ्या बनताहेत. गाणाऱ्याप्रमाणे वाद्य ही आपल्याकडे जुनी रीत आहे.

कारागीर ठरला की सगळी मापं एका कागदावर, दोघांच्या सह्यांनी. पैसे टप्प्यानं द्या: थोडी रक्कम आराखडा ठरताना, एक हप्ता लाकूड निवडल्यावर, एक बॉडी बंद होताना, उरलेली हातात आल्यावर. दोन वेळा तुम्ही स्वतः जाऊन वाद्य हातात घेतलं पाहिजे. पहिली वेळ नमुना नेकची. दुसरी वेळ पॉलिशच्या आधी, कोऱ्या लाकडावर तारा चढवून. तेव्हा नेक अजून घासता येतो, कड उतरवता येते, आतल्या पट्ट्यांना साउंडहोलमधून हात घालून थोडं हलकंही करता येतं. पॉलिश झाल्यावर हे सगळं दुपटीनं अवघड. पहिला पावसाळा आणि पहिला उन्हाळा गेल्यावर एकेकदा सेटअप करून द्यायचा, हेही त्याच कागदावर लिहून घ्या. नवं लाकूड त्या वर्षात बसतं, अ‍ॅक्शन, म्हणजे फ्रेटवरची तारांची उंची, वर-खाली होतेच.

आणि गिटार ठेवायची पेटी, म्हणजे केस. हे सगळे विसरतात. पाचरीची, वेगळ्या आकाराची गिटार तयार केसमध्ये बसत नाही आणि केस वेगळी बनवायची तर तो खर्च निराळा. म्हणून बॉडीची बाह्यरेषा शक्यतो बाजारात मिळणाऱ्या एखाद्या पार्लर किंवा डबल-ओ केसमध्ये मावेल अशी घ्या. मी तर आधी केस विकत आणायला सांगतो, ती माझ्या टेबलावर उघडून ठेवतो, आणि पुठ्ठा त्यात बसला की मगच लाकडावर रेघ मारतो.